इंजिन उघडले, चूक झाली; आता पुढे काय?

खालापूर तालुक्यातील लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे गाव. चौक जवळ, चौकच्या डोक्यावर इर्शाळगड, शेजारी पाताळगंगा-रसायनीचा कारखान्यांचा पट्टा, आणि पुढे खोपोली सोडली की बोरघाटाचा चढ. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मोठ्या गाड्या तिकडे वळल्या. पण त्या मार्गावर तीनचाकीला बंदी, आणि चारचाकीला टोल. त्यामुळे कष्टकरी माणसाची रिक्षा, मिनीडोर, जुनी ओम्नी, जुनी मारुती ही अजून याच जुन्या रस्त्याची सोबतीण आहे.

आपल्या घरांत गाडी ही चैनीची वस्तू म्हणून येत नाही. सोसायटीचे कर्ज, बायकोची कानातली, भावाची उसनवारी अशा तीन-चार ठिकाणांहून पैसा गोळा होतो तेव्हा कुठे जुनी गाडी दारात उभी राहते. मग तिच्यावर कंपनीच्या पाळीची माणसे, शाळेची मुले, लग्नसराईची भाडी असे काहीबाही चालू होते. ती बंद पडली की त्या दिवसाची कमाई बंद. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकला की माणूस घरी येऊन पाना हातात घेतो. रविवारचा दिवस, अंगणात गोणपाट अंथरलेले, मोबाईलवर कुणीतरी दाखवलेली दुरुस्ती चालू, आणि शेजारची पोरे भोवती गोळा झालेली.

यात आम्हाला काही गैर वाटत नाही. उलट, मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले आणि ओम्नीचे २०१९ साली, तरी त्या गाड्या आजही रस्त्यावर आहेत, त्या अशाच घरगुती हातांमुळे. जुने इंजिन साधे असते, हात आत जातो, भाग मिळतात. दुरुस्ती कशी करावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. दुरुस्ती करताना चूक झाली तर काय करावे, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो. घरी इंजिन उघडणाऱ्याची पहिली चूक बहुतेक वेळा लहानच असते. नट आत पडला, बोल्ट तुटला, वायरी उलटसुलट लागल्या, पट्टा एक दाता सरकला. एवढ्याने इंजिन मरत नाही. इंजिन मरते ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत. घाबरून, चिडून किंवा लपवण्यासाठी माणूस जे करतो त्याने. आणि त्या दहा मिनिटांतली सर्वांत घातक कृती म्हणजे “बघू या चालू होतेय का” म्हणत चावी फिरवणे.

२६ जुलै २००५ चा पाऊस आपण कुणी विसरलेलो नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रस्त्यारस्त्यांवर गाड्या पाण्यात बंद पडल्या. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरले होते. पाणी म्हणजे हवा नव्हे. ते दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्याला अडतो, आणि मागून स्टार्टर किंवा क्रँक जोर लावत असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीची चावी फिरवली नाही, प्लग काढून पाणी बाहेर काढले, ऑइल आणि फिल्टर बदलले, तर ती पुष्कळदा वाचते. पाणी आत असतानाच पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला तर वाकलेला रॉड घेऊन थेट इंजिन उतरवण्याची पाळी येते. पाणी निसर्गाने घातले, रॉड माणसाने वाकवला. घरच्या दुरुस्तीतही नेमके हेच होते.

तेव्हा चूक ध्यानात आली की आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला ठेवावी. म्हणजे चुकून कुणी चावी फिरवली तरी इंजिन हलणार नाही. मग हात पुसावेत, पाणी प्यावे, आणि जिथे चूक झाली तिथला मोबाईलवर फोटो काढावा. पुढचा पाना त्यानंतर.

आत काहीतरी पडले

प्लग काढला आहे, आणि त्याच्या भोकातून वायसर किंवा नट सिलिंडरमध्ये घरंगळला. किंवा कार्बोरेटर उतरवला आणि त्याच्याखालच्या तोंडातून स्क्रू आत गेला. छातीत धस्स होते. पण वस्तू आत नुसती पडून आहे तोवर तिने काहीच बिघडवलेले नाही. इंजिन एक इंचही फिरवू नये. गाडी गिअरमध्ये असेल तर ढकलूही नये, कारण चाक फिरले की पिस्टनही फिरतो.

लोखंडी वस्तू असेल तर काठीला किंवा लवचीक तारेला लावलेले चुंबक आत सोडावे. असे तयार चुंबक हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि ते फार महाग नसते. वस्तू अॅल्युमिनियमची किंवा पितळेची असेल तर चुंबक उपयोगाचे नाही. तेव्हा तारेच्या टोकाला घट्ट ग्रीसचा गोळा लावून तो वस्तूवर टेकवावा. घर झाडायचे व्हॅक्यूम यंत्र कुणाकडे असेल तर त्याच्या तोंडाला बारीक नळी कापडी टेपने बांधून हवा ओढता येते. मात्र आत पेट्रोलचा वास असताना हे अजिबात करू नये, त्या यंत्राच्या मोटारीत ठिणगी उडते. तासभर खटपट करूनही हाती लागले नाही तर हेड उतरवावे लागेल हे मान्य करावे. हेड उतरवण्याचा खर्च जड आहे. पण तोच नट पिस्टन आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये चेंगरला तर त्याच्या कितीतरी पट खर्च येतो.

जाणते मिस्त्री इंजिनाचे कुठलेही भोक उघडले की त्यात स्वच्छ फडके कोंबतात. आम्ही आणखी एक सुचवतो. फडकी किती कोंबली ते मोजून पुठ्ठ्यावर लिहावे. फडके आतच विसरून हेड बसवले जाते, हेही होते बरे का!

तुटलेला बोल्ट आणि गेलेले आटे

खालापूर-कर्जतचा पाऊस म्हणजे चार महिने ओल. सायलेन्सरचे बोल्ट, मॅनिफोल्डचे स्टड, पाण्याच्या पंपाचे बोल्ट गंजून एकजीव होतात. त्यावर पान्याला लोखंडी नळी जोडून जोर लावला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि डोके हातात, दांडा आत.

इथे राग येतो आणि माणूस ड्रिल मशीन मागायला धावतो. तसे करू नये. आधी पाहावे की दांडा थोडा बाहेर आहे का. असेल तर काम सोपे आहे. गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे. सकाळी दांड्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्यावेत. त्याने गंजाची पकड ढिली होते. दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्या नटाला पाना लावावा. सोडवण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावे, मग उलट. पाव फेरा सुटला तर तसाच ओढत न बसता पुन्हा थोडा आत, पुन्हा बाहेर, मध्ये तेल, असे करीत आणावा. तरीही हलला नाही तर वेल्डिंगवाल्याकडून दांड्यावर नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो आणि धरायला नवे डोकेही मिळते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढून ठेवावी आणि पेट्रोलची नळी, टाकी यांच्याजवळ हे काम होऊ देऊ नये.

दांडा आतच बुडाला असेल तर मात्र आमचा सल्ला सरळ आहे: तो भाग उतरवून लेथवाल्याकडे न्यावा. बाजारात तुटका बोल्ट काढायचे उलट्या आट्यांचे हत्यार मिळते. ते चांगले आहे, पण फार कडक पोलादाचे असते. तेच आत तुटले तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. मग एका तुकड्याचे दोन होतात.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे आटे जाणे. हेड अॅल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. प्लग तिरका धरून पान्याने रेटला की मऊ अॅल्युमिनियमचे आटे कापले जातात. चेंबरच्या ड्रेन बोल्टचेही तेच. आवळताना शेवटी पाना एकदम हलका फिरला तर समजावे की आटे गेले. अशा वेळी लोक पांढरी टेप गुंडाळतात, सील लावतात, कुणी सुतळीही भरतात! दोन दिवस ठिबकणे थांबते आणि घाटात बोल्ट निसटून सगळे ऑइल रस्त्यावर सांडते. खरा उपाय आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. लेथवाला किंवा चांगला गॅरेजवाला जुने भोक थोडे मोठे करून त्यात नवे आटे पाडतो आणि पोलादी तारेचे स्प्रिंगसारखे वेटोळे बसवतो. त्याला हेलिकॉइल म्हणतात. मूळ मापाचाच बोल्ट मग त्यात बसतो, आणि मऊ अॅल्युमिनियमपेक्षा हे आटे अधिक टिकाऊ असतात. प्लगच्या भोकाला हे करताना धातूचा कीस आत पडू नये म्हणून हेड उतरवलेले बरे.

प्लग बसवताना जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्यावा, प्लगचे पांढरे टोक त्यात खोचावे आणि नळीनेच फिरवत आत न्यावा. तिरका गेला तर नळी घसरते, आटे वाचतात. हाताने पूर्ण बसल्यावर नवा प्लग पान्याने सुमारे अर्धा फेरा, जुना असेल तर अगदी थोडा. एवढेच पुरते.

बोल्टचा विषय निघाला आहे तर एक मोठी हकीकत सांगितली पाहिजे. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकापुढची काच आकाशात उडून गेली. वैमानिक टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि लँकेस्टर वाचले. उड्डाणाच्या २७ तास आधी ती काच बदलली होती. चौकशीत दिसले की ९० पैकी ८४ बोल्ट जाडीला इंचाच्या सव्वीस हजारांशाने कमी होते, आणि उरलेले ६ लांबीला कमी. कारागीर अनुभवी होता. त्याने जुना बोल्ट हातात धरून नवा डोळ्यांनी जुळवला होता, आणि तपासायला दुसरा माणूस नव्हता.

विमानाच्या कारागिराचे डोळे फसतात, मग अंगणात टॉर्चच्या उजेडात आपले का फसणार नाहीत? लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाशी टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि भाग सैलच राहतो. कधी भिंतही फोडतो. यासाठी गावठी पण नामी युक्ती आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या तुकड्यावर तो भाग पेनने काढावा, बोल्ट जिथे होते तिथे भोके पाडावीत आणि काढलेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचावा. घरातली मुलगी हे काम फार नीट करते असे आम्ही पाहिले आहे. तिला टॉर्च धरायलाच का बसवावे?

ऑइलच्या गफलती

गाडीखाली शिरून ऑइल काढताना एक गफलत हमखास होते. इंजिनाऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला जातो. ऑइल पडते, माणूस समाधानाने बोल्ट लावतो आणि वरून इंजिनात नवे ऑइल ओततो. झाले काय, तर गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट ऑइल. चालू करण्याआधी पट्टी काढून पाहिली तर हे तिथल्या तिथे कळते. जुने इंजिन ऑइल काळे असते. गिअर ऑइल जाड आणि उग्र वासाचे. शंका आली तर गाडी हलवू नये. इंजिनातले जादा ऑइल पट्टीवरच्या खुणेपर्यंत काढावे, गिअरबॉक्स योग्य ऑइलने भरावा. जादा ऑइल ठेवले तर क्रँक त्यात घुसळत राहतो, फेस होतो, आणि फेसाळलेले ऑइल बेअरिंगला नीट वंगण देत नाही.

फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचे रबर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवा फिल्टर बसला की दोन रबरे एकमेकांवर येतात, आणि चालू करताच ऑइलची पिचकारी उडते. बंद करावे, दोन्ही काढावीत, एकच ठेवावे, सांडलेले भरावे. यात हानी नाही, फक्त पैसा सांडतो. ऑइल न घालताच इंजिन चालू केले तर मात्र किती वेळ चालले यावर सगळे अवलंबून आहे. ऑइलचा लाल दिवा चालू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर रेस देऊन पाहायचे नसते, चावी बंद करायची असते. ऑइल भरल्यावर खालून जड खटखट ऐकू आली तर बेअरिंग गेले, आणि ती गाडी टोचन करूनच न्यावी.

काढलेले ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्यावे. गटारातून ते शेवटी पाताळगंगेलाच मिळते.

टायमिंग, वायरी आणि हेड

प्लगच्या जाड वायरी एकदम चार काढल्या आणि कुठली कुठे ते विसरले, तर इंजिन फटफटते, कार्बोरेटरमधून भडका मारते, पण सहसा मोडत नाही. ओम्नी आणि मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांचा क्रम १-३-२; जुन्या पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरचा १-३-४-२. एक नंबरचा पिस्टन दाबाच्या फेऱ्यात अगदी वर आणावा. प्लगच्या भोकावर बोट धरले तर हवा बोटाला ढकलते, त्यावरून तो फेरा ओळखता येतो. डिस्ट्रिब्युटरचा रोटर तेव्हा ज्या खुंटीकडे तोंड करून असेल ती एक नंबरची. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने क्रम लावत जावे.

टायमिंगचा पट्टा ही मात्र वेगळी गोष्ट. तो एक-दोन दाते चुकला तर कित्येक इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आपटतो. काही इंजिनांत आपटत नाही. आपले कोणते हे नक्की ठाऊक नसेल तर आपटते असेच धरावे. पट्टा बसवल्यावर सगळे प्लग काढावेत आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन नेहमी फिरते त्याच दिशेने, हाताने पूर्ण दोन फेरे द्यावेत. क्रँकचे दोन फेरे म्हणजे वरच्या कॅमचा एक. दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा पुन्हा जुळल्या तर पट्टा बरोबर. मध्येच काही कठीण लागले तर तिथेच थांबावे. त्याच क्षणी वॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असतो. जोर लावाल तर वाकेल, मागे फिरवाल तर वाचेल. ही दोन फेऱ्यांची तपासणी फुकट आहे, आणि तिच्याइतकी पैसे वाचवणारी दुसरी गोष्ट आम्हाला माहीत नाही.

हेडचे पॅकिंग उलटे बसले तर ऑइलची किंवा पाण्याची वाट बुजते. पॅकिंगवर वरची बाजू बहुधा लिहिलेली असते. नसेल तर प्रत्येक भोक ब्लॉकवर ताडून पाहावे. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळतात, आणि काढताना बाहेरून मध्ये. एका बाजूने आवळत गेल्यास हेड वाकते. टॉर्क पाना विकत घेणे परवडत नसेल तर एका संध्याकाळपुरता मागून आणावा. एकदा वापरलेले पॅकिंग पुन्हा घालू नये, मग ते कितीही चांगले दिसो. पट्टीवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी गेले आहे. इंजिन चालवू नये. ऑइल काढावे, हेड लेथवाल्याकडे नेऊन सपाट आहे का ते पाहून घ्यावे, वाकले असेल तर फेसिंग करून घ्यावे. जोडल्यावर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलावा. तिथे काटकसर केली तर पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंग खाते.

बोरघाटात गाडी तापली म्हणून उकळत्या इंजिनावर थंड पाणी ओतणारेही आम्ही पाहतो. तापलेल्या धातूला तडा जायला तेवढे पुरे. शिवाय रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडले तर वाफेने तोंड भाजते. इंजिन निवू द्यावे, अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल, भाडे वाट पाहील.

घरात सांगायचे कसे

आता जी गोष्ट पाना-पक्कडीची नाही ती बोलू. चूक लपवली का जाते? मुलाने गाडी उघडलेली असते. बाबा रात्रपाळी करून झोपलेले. नट आत पडतो. मुलाला ठाऊक असते की बाबा उठले की आधी हात उठेल, मग प्रश्न. म्हणून तो मनाशी म्हणतो की नट बहुधा बाहेरच पडला असेल. आणि सगळे जोडून चावी फिरवतो. त्या नटाने इंजिन फुटते ते खरे, पण त्याला कारण घरातला धाक आहे.

कष्टकरी घरात एका चुकीची किंमत महिन्याच्या पगाराएवढी असू शकते, हे आम्ही जाणतो. राग खोटा नसतो. तरीही “बाबा, माझ्याकडून आत नट पडलाय” हे वाक्य ज्या घरात पोर बोलू शकते, त्या घराचे इंजिन वाचते. ऐकणाऱ्याने त्या वेळी एवढेच विचारावे: “चालू केलीस का?” उत्तर ‘नाही’ असेल तर पोराची पाठ थोपटायला हरकत नाही.

गॅरेजवाल्यासमोरही हेच. अर्धवट उघडलेली गाडी नेताना “आपोआप बंद पडली” असे सांगितले की मिस्त्री बिचारा पेट्रोलपासून शोधत बसतो आणि त्या शोधाचे पैसे आपल्याच खिशातून जातात. काय उघडले, कुठल्या क्रमाने उघडले, काय तुटले, किती वेळ चालू केली, हे सांगावे. सुटे झालेले सगळे भाग, तुटका तुकडासुद्धा, डब्यात घालून न्यावेत. मिस्त्री दोन शब्द बोलेल, हसेलही. ऐकून घ्यावे. भाव मात्र काम सुरू होण्याआधी ठरवावा आणि बदललेले जुने भाग परत मागावेत.

लाज वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोटार जिच्यामुळे जगाला लांबच्या प्रवासाला घेता येते हे कळले, ती बाई होती. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतील बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली गाडी मॅनहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. वायरीचे आवरण झिजले, तिथे मोजा बांधायचा पट्टा गुंडाळला. इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून घेतले. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या एका चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. जगातल्या मोटारीचे पहिले ब्रेक लायनिंग त्या चर्मकाराच्या हातचे होते! घरी परतल्यावर बर्थाबाईंनी काय काय बिघडले ते सगळे नवऱ्याला सांगितले, आणि त्यावरून गाडीत सुधारणा झाल्या.

जिथे हात घालू नये

काही चुका सावरता येत नाहीत, म्हणून त्या कामांना घरी हातच लावू नये. सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बारचा दाब असतो. तिची नळी, झडप, सांधा अधिकृत माणसाशिवाय कुणी सोडू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. बाजूला स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावून, गाडी हलवून पाहून मगच. विटा कधीही नाही, त्या अचानक फुटतात. बंद शेडमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. डोके जड होऊन माणूस तिथेच बसतो. कुणाला गरगरले तर आधी त्याला उघड्यावर आणावे, मग डॉक्टरकडे न्यावे. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सरचे जाळे असते. तिथे ऑइल, फिल्टर, प्लग एवढे घरी ठीक; त्यापुढे यंत्र लावून तपासणाऱ्याकडे न्यावे.

सगळे सावरून इंजिन पुन्हा जोडले, की पहिल्याच दिवशी पाळीची माणसे भरू नयेत. प्लग काढून हाताने फेरे, मग प्लग लावून चालू करणे, ऑइलचा दिवा विझतो का पाहणे, पाच मिनिटांनी बंद. रेडिएटरमध्ये नवे पाणी भरले असेल तर आत हवा अडकते. म्हणून थंड इंजिन झाकण उघडे ठेवून चालू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहावे. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरावा. सकाळी त्यावर काळा डाग दिसला तर ऑइल, हिरवा किंवा लाल ओलावा दिसला तर बहुधा कूलंट; डागाच्या सरळ वर पाहिले की गळती सापडते. पुठ्ठा कोरा राहिला तर रिकामी गाडी चौकपर्यंत न्यावी आणि आणावी, पुन्हा पट्टी पाहावी. आठवडाभर जवळची भाडी करावीत, रोज सकाळी ऑइल आणि पाणी बघून. घाट त्यानंतर.